वाचकांचे प्रश्न : भट्टीपुढे उभा असलेला माणूस कोण?

जुन्या सोव्हिएत चित्रपटांतील कारखाने, खाणी आणि तेथील माणसे यांविषयी या महिन्यात मराठवाड्यातून चार पत्रे आली. विषय एकच असल्यामुळे चारही पत्रांना येथे एकत्र उत्तर देत आहोत.

प्रश्न : आमच्या फिल्म सोसायटीत 1940 ते 1960 या काळातील कारखान्यांवरचे काही सोव्हिएत चित्रपट दाखवण्यात आले. आमच्या एमआयडीसीतील रोलिंग मिलमध्ये भट्टीपुढे बिहार आणि उत्तर प्रदेशातून आलेली माणसे उभी असतात आणि हमालीला आसपासच्या खेड्यांतली. सोव्हिएत संघात तर कितीतरी लोकसमूह एकत्र नांदत होते. मग पडद्यावरचा कामगार जवळजवळ नेहमी रशियनच का? स्त्रिया मात्र बऱ्याच दिसतात. त्या खऱ्या आहेत की शोभेच्या?
– एक वाचक, जालना

उत्तर : आपल्या प्रश्नात दोन प्रश्न आहेत आणि ते वेगवेगळे ठेवलेले बरे. पडद्यावर कोण दिसते हा एक, आणि पडद्यावर निर्णय कोणाचा चालतो हा दुसरा. पहिल्या बाबतीत हे चित्रपट, निदान स्त्रियांपुरते, त्या काळच्या मानाने बरेच उदार होते. दुसऱ्या बाबतीत ते कमालीचे कंजूष होते, असे माझे मत आहे.

1959 च्या जनगणनेनुसार सोव्हिएत संघाची लोकसंख्या सुमारे 20 कोटी 88 लाख होती आणि तीत रशियन लोक जेमतेम 55 टक्के होते. उद्योगाची मोठी केंद्रेही केवळ रशियात नव्हती. डोनबासच्या कोळसा खाणींचा मोठा भाग आणि झापोरिझ्झियाचे पोलाद युक्रेनमध्ये, खनिज तेल अझरबैजानच्या बाकूमध्ये, कोळशाचे आणखी एक मोठे क्षेत्र कझाकस्तानातील करागांदा येथे, आणि जॉर्जियात रुस्तावीचा पोलाद कारखाना. या ठिकाणांवर चित्रपट निघालेच नाहीत असे नाही, परंतु प्रेक्षकाला ते ठिकाण कोणाचे आहे याचा पत्ता लागू नये अशीच बहुधा त्यांची रचना असे.

1956 चा ‘झारेच्नाया रस्त्यावरचा वसंत’ पाहा. त्याचे चित्रीकरण झापोरिझ्झियात झाले, निर्मिती ओदेसाच्या स्टुडिओची होती आणि दोन दिग्दर्शकांपैकी मार्लेन खुत्सिएव यांचा जन्म तिबिलिसीचा. नायकाचे आडनाव साव्चेंको म्हणजे उघड युक्रेनी. त्याच्या पुढच्याच वर्षी आलेल्या ‘उंची’ या चित्रपटात झोतभट्टीच्या उभारणीवर काम करणाऱ्या नायकाचे आडनाव पासेच्निक, तेही युक्रेनी वळणाचेच. परंतु दोघेही बोलतात रशियन, गातात रशियन, आणि आपण कुठले आहोत हा विषय त्यांच्या तोंडी कधी येत नाही. कॅमेऱ्यामागे आणि श्रेयनामावलीत जी विविधता होती, ती कॅमेऱ्यापुढे येईपर्यंत एकसारखी घोटून निघालेली असे.

चेहऱ्यांचेही तसेच होते. 1939 च्या ‘मोठे जीवन’ या खाणकामगारांवरील चित्रपटात खारितोन बालुनच्या भूमिकेत बोरिस आंद्रेयेव होते, आणि पंधरा वर्षांनी जहाजबांधणी कामगारांच्या ‘मोठे कुटुंब’ या चित्रपटात इल्या झुर्बिन म्हणून पुन्हा तेच. त्यांच्यानंतर निकोलाय रिब्निकोव आले. 1956 मध्ये ते पोलाद कामगार होते, 1957 मध्ये उंचावर चढून लोखंडी सांगाडे जोडणारे, आणि 1961 च्या ‘मुली’ या चित्रपटात लाकूडतोडे. धंदे तीन, प्रदेश तीन, चेहरा एकच. रिब्निकोव गुणी नट होते आणि त्यांचा तो मिस्कील रुबाब आजही जुना वाटत नाही, याविषयी वाद नाही. पण संपूर्ण देशाच्या कामगारवर्गाला दशकभर एकच चेहरा पुरला, ही गोष्ट त्या चेहऱ्यापेक्षा चित्रपटांना मंजुरी देणाऱ्या यंत्रणेविषयी जास्त सांगते.

या यंत्रणेची कारणे राजकीय होती तशीच व्यावहारिकही होती. 24 मे 1945 रोजी क्रेमलिनमधील समारंभात स्टालिन यांनी रशियन जनतेला देशातील सर्व लोकसमूहांमध्ये अग्रणी ठरवले आणि त्यानंतर थोरल्या भावाची ही कल्पना पटकथांमध्येही शिरली. अनुभवी फोरमन, इंजिनियर किंवा पक्षाचा सचिव रशियन असायचा आणि त्याच्याकडून शिकणारा होतकरू तरुण उझबेक, कझाक किंवा तुर्कमेन असायचा. दुसरे म्हणजे कामाची वाटणी. मॉस्को आणि लेनिनग्राडचे स्टुडिओ संपूर्ण देशासाठी चित्रपट काढीत आणि प्रजासत्ताकांचे स्टुडिओ बहुतेक ऐतिहासिक पुरुष, लोककथा आणि शेतीवाडी यांत अडकलेले असत. त्यातच युद्धोत्तर काळात चित्रपटांची संख्या इतकी घटली की 1951 साली साऱ्या देशात जेमतेम नऊ कथापट तयार झाले. वर्षाला नऊ चित्रपट निघणार आणि प्रत्येकाची संहिता अनेक टेबलांवरून फिरणार असेल, तर नेहमीपेक्षा वेगळा माणूस मध्यभागी उभा करण्याचे धाडस कोणता दिग्दर्शक करील?

ज्यांनी केले त्यांचे काय झाले ते सांगण्यासारखे आहे. युद्धकाळात कारखाने पूर्वेकडे हलवण्यात आले, त्यांच्याबरोबर चित्रपटवालेही गेले. मॉस्कोचा मोसफिल्म आणि लेनिनग्राडचा लेनफिल्म या स्टुडिओंचे एकत्रित काम 1941 ते 1944 या काळात कझाकस्तानातील अल्मा-अता येथून चालले. म्हणजे या मंडळींनी मध्य आशिया वर्षानुवर्षे जवळून पाहिला होता. ग्रिगोरी कोझिन्त्सेव आणि लिओनिद त्राउबेर्ग यांनी 1945 मध्ये ‘साधी माणसे’ हा चित्रपट केला. लेनिनग्राडचा विमान कारखाना उझबेकिस्तानात हलवला जातो आणि तेथे स्त्रियांना व कोवळ्या पोरांना हाताशी धरून तो पुन्हा उभा केला जातो, असे त्याचे कथानक आहे. तो प्रदर्शित व्हायला 1956 साल उजाडले.

त्याला अडवणारा कम्युनिस्ट पक्षाच्या केंद्रीय समितीचा ठराव 4 सप्टेंबर 1946 चा. दिग्दर्शक आयझेन्स्टाइन यांच्या झार इव्हानवरील चित्रपटाचा दुसरा भागही त्याच ठरावात सापडला होता, आणि तेवढीच गोष्ट सगळीकडे सांगितली जाते. वास्तविक ठरावाचे मुख्य लक्ष्य होते ‘मोठे जीवन’चा दुसरा भाग. दिग्दर्शक लिओनिद लुकोव हे मारिउपोलचे, म्हणजे डोनबासच्याच मुलखातले. पहिल्या भागासाठी त्यांना स्टालिन पारितोषिक मिळालेले होते. दुसऱ्या भागात युद्धाने उद्ध्वस्त झालेल्या डोनबासची पुनर्बांधणी आहे. ठरावात आक्षेप कोणते होते ते पाहा : खाण यंत्रांऐवजी माणसांच्या हातांनी उभी राहताना दाखवली आहे. कामगार दारू पितात आणि त्यांची गाणी गुत्त्यातली वाटतात. आणि पुनर्बांधणीच्या कामासाठी आलेल्या मुलींना घाणेरड्या, अर्धवट पडक्या बराकीत ठेवून एका निर्ढावलेल्या अधिकाऱ्याच्या हवाली केलेले दाखवले आहे. युद्धाने पुरुष गिळले होते आणि खाणी पुन्हा चालू करायला तरुण मुलींचे तांडे आणले जात होते, हे त्या भागातल्या प्रत्येकाला दिसत होते. ऊसतोडीच्या फडावर पाचटाच्या कोपीत राहणाऱ्या बाया आपल्याकडे दिसतात तितके ते उघड होते. मुली दाखवल्या म्हणून चित्रपट अडला नाही. त्यांना राहायला काय मिळाले ते दाखवले म्हणून अडला. दुसरा भाग लोकांसमोर आला 1958 मध्ये. दरम्यान लुकोव यांनी ‘दोनेत्सचे खाणकामगार’ हा रंगीत चित्रपट केला, त्यात कोळसा तोडणारे नवे यंत्र जवळजवळ नायकाच्या जागी आहे, आणि त्यालाही पारितोषिक मिळाले.

स्त्रिया खऱ्या की शोभेच्या, याचे उत्तर यातच आहे. 1959 च्या जनगणनेत 11 कोटी 48 लाख स्त्रिया होत्या आणि 9 कोटी 40 लाख पुरुष. नोकरदार आणि कामगार यांत स्त्रियांचा वाटा जवळपास निम्मा होता. त्यामुळे पडद्यावर वेल्डर, क्रेनचालक आणि विणकर म्हणून ज्या स्त्रिया दिसतात त्या शोभेच्या नाहीत. शोभेची आहे ती त्यांची परिस्थिती.

आणखी एक वर्ग होता, जो शोभेपुरताही पडद्यावर आला नाही. करागांदाच्या आसपास कैद्यांच्या छावण्या होत्या, नोरिल्स्क शहर आणि तेथील धातूचा कारखाना कैद्यांनी उभा केला, 1941 मध्ये व्होल्गाकाठच्या जर्मन वंशाच्या लोकांना हद्दपार करून त्यांतील अनेकांना खाणींवर आणि बांधकामांवर सक्तीने राबवले गेले, आणि मे 1944 मध्ये क्रिमियाच्या तातारांची तीच गत झाली. ही सगळी माणसे ‘औद्योगिक’ होती. त्यांचे प्रतिनिधित्व कमी होते असे म्हणणेही चुकीचे ठरेल, कारण त्या चित्रपटांच्या जगात ती जन्मलीच नव्हती.

परिस्थिती बदलली ती 1960 नंतर, आणि तीही कडेकडेने. लारिसा शेपित्को यांनी 1963 मध्ये किर्गीझ स्टुडिओसाठी चिंगीझ ऐत्मातोव यांच्या कथेवरून ‘उष्मा’ केला. तेथे कारखाना नाही, ओसाड माळ आणि ट्रॅक्टर आहे. परंतु यंत्रावर हुकूमत गाजवणारा अबाकीर किर्गीझ आहे आणि त्याच्यासमोर उभा राहणारा केमेल हा पोरगाही किर्गीझच. समजूत घालायला बाहेरून कोणी थोरला भाऊ येत नाही. ओतार इओसेलियानी हे तर रुस्तावीच्या कारखान्यात स्वतः कामगार म्हणून राबले आणि 1964 मध्ये त्यांनी ‘बीड’ म्हणजे कच्चे लोखंड या नावाचा लघुपट केला. आपल्या मंडळात तो जरूर दाखवावा.

प्रश्न : माझे वडील गिरणीत साचेखात्यात, म्हणजे कापड विणणाऱ्या मागांवर, होते. दोनापेक्षा जास्त साचे सांभाळायची वेळ आली की घरी आल्यावर बोलायलासुद्धा त्यांच्यात त्राण नसे. 1940 च्या ‘उजळ वाट’ या सोव्हिएत चित्रपटात नायिका शेकडो साचे एकटी चालवते आणि वर गाते. हे शुद्ध थापेबाजीचे दृश्य नव्हे काय?
– एक वाचक भगिनी, नांदेड

उत्तर : गाणे सोडले तर ती पूर्ण थाप नाही, आणि पूर्ण सत्यही नाही. चित्रपट ग्रिगोरी अलेक्सांद्रोव यांचा, नायिका ल्युबोव ओर्लोवा. तिच्या मागे येवदोकिया आणि मारिया विनोग्रादोवा या विचुगा गावच्या विणकर स्त्रियांचा विक्रम आहे. 1935 मध्ये त्यांनी दोनशेहून अधिक साचे सांभाळले होते. मात्र ते स्वयंचलित साचे होते. आपल्या वडिलांच्या काळच्या साध्या साच्यावर सूत गुंडाळलेली कांडी संपली की साचा थांबवून ती हाताने बदलावी लागे, स्वयंचलित साच्यावर ती आपोआप बदलते. मग विणकराचे काम उरते ते फेऱ्या मारण्याचे, तुटलेला धागा हेरून जोडण्याचे आणि थांबलेला साचा पुन्हा चालू करण्याचे. शिवाय विक्रमवीराच्या दिमतीला मदतनीस असत आणि सूतही चांगल्या प्रतीचे पुरवले जाई. शेजारच्या रांगेतल्या बाईला यातले काही मिळत नसे, पण तिच्या कामाचा ठराविक आकडा मात्र या विक्रमामुळे वाढे. आपल्या वडिलांचे थकणे तिला अचूक कळले असते.

चित्रपटाला न्याय द्यायचा तर एक गोष्ट नोंदवली पाहिजे. घरकाम करणाऱ्या नायिकेला, तान्याला, शिक्षणाकडे आणि गिरणीकडे वळवणारी पक्षाची कार्यकर्ती प्रोनिना हीसुद्धा स्त्रीच आहे. पुढे तान्या इंजिनियर आणि लोकप्रतिनिधी होते, तेव्हा नायक तिच्या बरोबरीला येतो, वर चढत नाही. आपण ज्याला निर्णयाचा अधिकार म्हणतो तो या परीकथेत थोडा का होईना स्त्रियांच्या हाती आहे. सतरा वर्षांनंतरच्या ‘उंची’मध्ये इन्ना माकारोवा यांनी रंगवलेली कात्या ही वेल्डर कितीतरी अधिक जिवंत आहे. ती फटकळ आहे, हजरजबाबी आहे, आणि आदर्श कामगार होण्याची तिला अजिबात घाई नाही. तरीही चित्रपट जसजसा पुढे सरकतो तसतशी तिची धार नायकावरच्या प्रेमात बोथट केली जाते. तिच्या कामाविषयीचा एखादा महत्त्वाचा प्रश्न तिने स्वतः सोडवला आहे, असा प्रसंग शोधूनही हाती लागत नाही. आणि कामाची पाळी संपल्यावर चूल कोण पेटवते, पोर कोण सांभाळते, दुकानापुढच्या रांगेत कोण उभे राहते, हा प्रश्न तर तान्याच्याही चित्रपटात नाही आणि कात्याच्याही नाही.

प्रश्न : सोव्हिएत चित्रपटांत कृष्णवर्णीय कामगार किंवा आपले भारतीय कामगार कधी आले का?
– एक वाचक, अंबाजोगाई

उत्तर : येता येता राहिले, असे म्हणता येईल. 1932 च्या उन्हाळ्यात अमेरिकेतील 22 कृष्णवर्णीय तरुण-तरुणींचा गट मॉस्कोला गेला होता आणि कवी लँग्स्टन ह्यूज त्यात होते. अलाबामातील बर्मिंगहॅमच्या पोलाद कामगारांवर ‘काळे आणि गोरे’ हा चित्रपट मेझराबपोम स्टुडिओ काढणार होता. तो रद्द झाला. संहिता अमेरिकेतील वास्तवाशी अगदीच विसंगत असल्याचे ह्यूज यांनी पुढे आत्मचरित्रात लिहिले. दुसरे कारण असे सांगितले जाते की सोव्हिएत सरकारला तेव्हा अमेरिकेची मान्यता हवी होती, आणि ती नोव्हेंबर 1933 मध्ये मिळालीही. खरा चित्रपट होण्यासारखे आयुष्य होते रॉबर्ट रॉबिन्सन या कृष्णवर्णीय यंत्रकारागिराचे. 1930 मध्ये स्टालिनग्राडच्या ट्रॅक्टर कारखान्यात त्याच्यावर गोऱ्या अमेरिकन सहकाऱ्यांनी हल्ला केला, सोव्हिएत न्यायालयात त्यांच्यावर खटला चालला, आणि 1934 मध्ये रॉबिन्सन मॉस्को सोव्हिएतवर, म्हणजे तेथील नगर परिषदेवर, निवडून आला. देश सोडायला मात्र त्याला 1974 पर्यंत थांबावे लागले.

1936 च्या ‘सर्कस’मध्ये कृष्णवर्णीय बाळाला प्रेक्षक वेगवेगळ्या भाषांतून अंगाई गातात, हे दृश्य प्रसिद्ध आहे. त्यातले यिद्दिश भाषेतले कडवे नट सोलोमन मिखोएल्स यांनी गायले होते. जानेवारी 1948 मध्ये त्यांची हत्या झाली आणि नंतर ते कडवे कापले गेले. ज्यू माणसाचे पडद्यावरचे स्थान त्या वर्षांत किती ठिसूळ झाले होते, हे त्या कात्रीवरून कळते.

भारतीयांविषयी थोडक्यात सांगायचे तर 1957 च्या ‘परदेसी’ या भारत-सोव्हिएत सहनिर्मितीत पंधराव्या शतकातला व्यापारी आहे, कामगार नाही. ज्या भिलाईत दोन्ही देशांची माणसे एकाच झोतभट्टीवर काम करीत होती आणि जिची पहिली भट्टी फेब्रुवारी 1959 मध्ये सुरू झाली, त्या भिलाईची कथा सांगण्याचा मान खरे तर अशा सहनिर्मितीला मिळायला हवा होता.

प्रश्न : मला रशियन येत नाही. या चित्रपटांतले प्रतिनिधित्व समजून घ्यायचे तर कोणते आधी पाहावेत आणि काय बघावे?
– एक विद्यार्थी, लातूर

उत्तर : मोसफिल्मने आपले पुष्कळ जुने चित्रपट यूट्यूबवर विनामूल्य ठेवले आहेत आणि त्यांतील अनेकांना इंग्रजी उपशीर्षके आहेत. ‘उजळ वाट’, ‘उंची’ आणि ‘मुली’ हे मोसफिल्मचेच असल्यामुळे तेथून आरंभ करता येईल. ‘मोठे जीवन’चे दोन्ही भाग मात्र लागोपाठ पाहावेत, नाहीतर दुसरा भाग का अडला ते ध्यानात येणार नाही.

पाहताना प्रत्येक प्रसंगात शिकवते कोण आणि शिकते कोण एवढेच टिपून ठेवा. वेशभूषा, टोप्या आणि पार्श्वभूमीचे डोंगर यांवरून विविधता मोजू नका, कारण ती सगळ्यात स्वस्तात मिळणारी विविधता आहे. ‘झारेच्नाया’मध्ये कामगारांच्या रात्रशाळेची शिक्षिका आपल्या खोलीत रेडिओवर राखमानिनोव ऐकत बसलेली असते. भेटायला आलेला साव्चेंको खुर्चीवर अवघडून बसतो, तिचे आपल्याकडे लक्ष नाही हे ओळखतो आणि उठून जातो. पोलाद गाळणारा, चांगले कमावणारा, मोहल्ल्यात ज्याचा दबदबा आहे असा हा गडी त्या खोलीत कोणीच नाही, आणि संगीतापलीकडे चित्रपट एका शब्दानेही ते समजावून सांगत नाही. त्यानंतर तीच शिक्षिका कारखान्यात जाते तेव्हा हिशेब उलटा होतो. दोघांनाही एकमेकांकडून काही शिकायचे आहे असे मानणारे त्या काळचे चित्रपट थोडे आहेत. आपल्या यादीत असे प्रसंग किती भरतात ते आम्हाला जरूर कळवा.